सोन्याचे कण, एक थेंब रक्त आणि एक फॉरवर्ड

'बोटातल्या एका थेंबावर 10 मिनिटांत कोणताही कॅन्सर कळणार! सोन्याचे नॅनोकण आणि अ‍ॅप्टामर. रंग बदलला की रोग. 100 टक्के अचूक, बायोप्सी बाद. कंपन्या हे दडपतायत.' हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला, तिन्हीकडे टाळ्यांसकट.

दडपण्याचं आधी उरकू. अ‍ॅप्टामर म्हणजे ठरावीक प्रथिनाला धरणारा डीएनए किंवा आरएनएचा छोटा धागा. तो शोधायची रीत 1990 सालीच छापून आली. सोन्याचे कण तर मेडिकलमध्ये मिळतात: प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवरची गुलाबी रेघ बहुधा त्यांचीच असते. (तिथे अ‍ॅप्टामरऐवजी अँटिबॉडी, एवढंच.)

'रंग बदलला की रोग.' लिहिणाऱ्याने ते द्रावण पाहिलेलं नसावं. 13 नॅनोमीटरच्या कणांचं पाणी कोकम सरबतासारखं लाल दिसतं. नुसते कण असतील तर चिमूटभर मीठ टाका, बघता बघता जांभळट-निळं होतं. कण एकमेकांना चिकटले की रंग पालटतो. चिकटवलं कोणी, हे रंग सांगत नाही. आणि रक्तात मीठ आहेच. वर इतर प्रथिनं कणांवर सायीसारखी बसतात, एन्झाइमं साधा अ‍ॅप्टामर कुरतडतात. थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं प्रथिन) पकडणारा 15 अक्षरांचा अ‍ॅप्टामर 1992 पासून माहीत आहे. स्वच्छ बफरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या साध्या द्रावणात, अगदी गुणी बाळ. रक्तात मात्र लिटरमागे 40 ग्रॅम अल्ब्युमिन हे प्रथिन, आणि हार्ट अटॅकसाठी मोजायचं ट्रोपोनिन काही डझन नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग). वजनाच्या हिशेबात, दहा लाखांच्या हजार वाऱ्या एकत्र करून त्यात एक माणूस शोधायचा. अशक्य नाही: रासायनिक फेरफार केलेले अ‍ॅप्टामर संशोधनात एकाच नमुन्यातली हजारो प्रथिनं मोजतात. पण प्रयोगशाळेत, यंत्रांवर.

'एक थेंब पुरे.' हेच थेरानॉस ही अमेरिकेतली रक्ततपासणी कंपनी सांगत होती, तंत्र वेगळं असलं तरी. 2015 मध्ये बिंग फुटलं, 2018 मध्ये कंपनी बंद.

राहिलं '100 टक्के'. प्रथिन सापडलं म्हणजे कॅन्सर सापडला असं नाही. प्रोस्टेट कॅन्सरसाठी मोजलं जाणारं पीएसए नुसत्या वाढलेल्या प्रोस्टेटनेही वाढतं, अंडाशयाच्या कॅन्सरसाठीचं सीए-125 पाळीतसुद्धा. चला, 99 टक्के अचूक धरू. 10,000 जणांत 50 रुग्ण असतील तर जवळजवळ सगळे सापडतील; पण उरलेल्या 9,950 निरोगी माणसांपैकी सुमारे 100 जणांच्या हातातही 'पॉझिटिव्ह' पडेल. म्हणजे घाबरलेल्या दर तिघांतले दोघे ठणठणीत. ते कोण, हे ठरवायला पुन्हा स्कॅन आणि तीच 'बाद' झालेली बायोप्सी.