चाकातला च

मागच्या रविवारी घरी व्हिडिओ कॉल लावला तर तिकडे भांडण चालू होतं. दादा टीव्हीवर कुठलीतरी गाडी बघून सहज "पोर्श भारी दिसतीये" असं बोलून गेला आणि त्याचा पोरगा, म्हणजे माझा पुतण्या, त्याच्यावर उखडला, "बाबा, पोर्श नाही हो, पोर्शे! चारचौघात असं बोलू नका प्लीज." त्या 'चारचौघात'वर मी जरा थांबलो. दादाने काही मनावर घेतलं नाही, म्हणाला मला कुठे घ्यायचीये, ज्याला घ्यायचीये त्याने नाव पाठ करावं. मग पोराने फोन स्वतःकडे ओढला, "काका, तुम्ही तिथेच राहता ना, तुम्हीच सांगा."

आता मी राहतो जर्मनीत, श्टुटगार्टात. आमच्या एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, सहा नंबरच्या लाइनीवर 'नॉयविर्ट्सहाउस, पोर्शेप्लात्स' असं स्टेशन आहे, बाहेर पडलं की समोर कारखाना. दरवाजा उघडण्याआधी गाडीतली बाई ते नाव रोज घेते त्यामुळे साक्षीदार म्हणून मी बरा आहे. तर ती बाई पोर्श म्हणत नाही आणि पुतण्यासारखं लांबवून पोर्शेऽ पण म्हणत नाही. आपण 'असं, तसं, कसं' म्हणताना शेवटी तोंड जे अर्धवट उघडं राहतं ना, तेवढाच अ ती 'र्श'च्या मागे सोडते. म्हणजे बोली मराठीत लिहायचं तर पोर्शं. मी पुतण्याला साठ मार्क दिले, दादाला चाळीस, दोघंही नाराज.

पण विचारलं त्याला, की तू हे पोर्शे शिकलास कुठे, तर म्हणे एका अमेरिकन माणसाच्या व्हिडिओत. माझं म्हणणं नेमकं इथे सुरू होतं. आपल्याकडे गाड्यांच्या नावांचा जो 'शुद्ध उच्चार' म्हणून मिरवला जातो तो बहुतेक वेळा त्या गाडीच्या गावचा नसतोच, तो इंग्रजीचा असतो. गाडी जर्मन, नाव जर्मन, आणि परीक्षक मात्र अमेरिकन.

बेन्झच घ्या. कार्ल बेन्झने १८८६ साली मोटारगाडीचं पेटंट घेतलं, सगळ्या गाड्यांचा आजोबा म्हणा हवं तर. जर्मनमध्ये शेवटचं ते झेड म्हणजे झ नव्हे, ज नव्हे, तो आहे 'त्स'. आणि हा त्स आपल्याकडे जन्मजात आहे! 'चाक' म्हणा. चिमणीतला च नाही, चाकातला च, तो दाताला जीभ लावून येतो तो. बेन्झच्या शेवटी तोच च आहे. हिंदीवाल्याला तो शिकावा लागेल, इंग्लंडच्या माणसाला शब्दाच्या सुरुवातीला तर तो जमतच नाही, आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालाय आणि आपण म्हणतो बेन्झ, कारण आपल्यापर्यंत नाव इंग्रजीतून गाळून आलं. गंमत अशी की आपल्या लिपीत दोन्ही च सारखेच, त्यामुळे बरोबर लिहायला गेलं तर होईल 'मर्सिडीज बेंच' आणि लोक म्हणतील हे कसलं बाकडं.

मर्सिडीजची तर आणखी वेगळीच तऱ्हा. एमिल येलिनेक नावाचा ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्सच्या दक्षिणेला नीसमध्ये डाइमलर या जर्मन कंपनीच्या गाड्या विकायचा, शर्यतीत उतरवायचा, त्याने पोरीचं नाव गाडीला दिलं, १९०२ मध्ये ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं गेलं. नाव मुळात स्पॅनिश, अर्थ दया, कृपा वगैरे. इथले जर्मन त्याला म्हणतात 'मेर्त्सेडेस', म्हणजे परत चाकातला च घुसवतात, स्पॅनिश माणसाने ऐकलं तर तो कपाळाला हात लावेल. यातला मूळ उच्चार कुठला धरायचा? पोरीच्या बापाचा, कारखान्याचा की स्पेनचा? आणि श्टुटगार्टचे जुने लोक तर ही भानगडच ठेवत नाहीत, ते नुसतं 'डाइमलर' म्हणतात. शेजारचे आजोबा निवृत्त झाले तरी अजून सांगतात मी डाइमलरकडे होतो.

आउडीचा किस्सा घरचाच आहे. इथे ऑडी कोणी म्हणत नाही, आउडी. पहिल्या वर्षी आईला फोनवर सांगितलं की ऑफिसातल्या एकाने नवीन आउडी घेतली, तर ती म्हणाली, "आवडली? मग तू पण घे की." पाच मिनिटं आम्ही दोघं आपापल्या शब्दावर ठाम. तसं बघितलं तर हे नाव जन्मलंच कोटीतून. आउगुस्ट होर्ख या माणसाने स्वतःच्या नावाने कंपनी काढली, भागीदारांशी बिनसलं, १९०९ मध्ये बाहेर पडून दुसरी काढली तर कोर्टाने सांगितलं तुझं नाव आता तुझं नाही, ते पहिल्या कंपनीचं. होर्ख म्हणजे जर्मनमध्ये 'ऐक!' मग मित्राच्या घरी बैठक बसली असताना मित्राच्या मुलाने, जो लॅटिनचा अभ्यास करत होता, सुचवलं की त्याचंच लॅटिन करा ना, आउडी. म्हणजे ऐक. आईला ऐकू आलं नाही हा त्यातला पुढचा विनोद.

आणि फोक्सवॅगन! मराठी पेपरांनी हा शब्द कसा बनवला बघा. जर्मनमध्ये व्ही म्हणजे फ आणि डब्ल्यू म्हणजे व, मूळ नाव फोल्क्सवागन, लोकांची गाडी. आपण पहिला अर्धा जर्मन घेतला, 'फोक्स', त्यातला ल वाटेत सांडला, आणि दुसरा अर्धा इंग्रजी, 'वॅगन'. पुढचे दोन दरवाजे वोल्फ्सबुर्गचे, म्हणजे कंपनीच्या गावचे, मागचे दोन लंडनचे. मला हा शब्द मनापासून आवडतो, त्याला कोणी हात लावू नये.

हे सगळं मी आज शहाणपणाने सांगतोय पण पहिल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मीच तो चारचौघातला माणूस होतो. बीएमडब्ल्यूला 'बे-एम-वे' म्हणायचो, समोरचा बीएमडब्ल्यू म्हणाला की बारीक हसायचो. ताईने दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मग तू आधी जर्मनीला डॉइचलांड म्हणायला लाग, नंतर गाड्यांकडे ये." विषय संपला. तिला हे सांगितलं नव्हतं की बे-एम-वे मी हौसेने शिकलो नव्हतो, इथे एका गॅरेजला फोन करून तीनदा 'बीएमडब्ल्यू' म्हणलो आणि पलीकडच्या माणसाला तीनही वेळा कळलं नाही म्हणून शिकलो.

तो माणूस हसला नाही पण, हे लिहिलं पाहिजे. त्याला कळलं नाही, त्याने परत विचारलं, कळल्यावर अपॉइंटमेंट दिली. आपल्याकडे उलटं आहे. आपल्याकडे कळलेलं असतं, नीट कळलेलं असतं, तरी दुरुस्त करतात. शेवरलेट म्हणणाऱ्याला शेव्हरोले, रेनॉल्ट म्हणणाऱ्याला रेनो, आणि हे ड्रायव्हरला, मेकॅनिकला, ज्याला त्या गाडीच्या पोटातला प्रत्येक नट माहितीये त्याला, ज्याला बॉनेट कसं उघडायचं हे माहीत नाही तो शिकवतो. आणि हे करणारे तेच लोक असतात जे 'आनि पानी' ऐकलं की नाक मुरडतात. एकच आजार आहे, एकदा मराठीत होतो एकदा इंग्रजीत.

इकडे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. श्टुटगार्टकडच्या लोकांची बोली श्वाबी, प्रमाण जर्मनच्या मानाने चांगलीच वेगळी, 'इस्ट'ला 'इश' म्हणतात, आणि बर्लिनमध्ये त्यांची यथेच्छ टिंगल होते. पण मग १९९९ मध्ये या राज्याने जाहिरात काढली, तिचं घोषवाक्य असं की आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. सरकारी जाहिरात! जगाला पोर्शं आणि मेर्त्सेडेस विकणारं राज्य छापील सांगतंय की आमचे उच्चार अशुद्ध आहेत, बोला. आपल्याकडचा एखादा जिल्हा 'आमच्याकडे ण नाही, बाकी सगळं आहे' असं फलकावर लिहील का? मला तरी वाटत नाही, आधी समिती नेमतील. (२०२१ मध्ये इथल्यांनीही ते घोषवाक्य काढून टाकलं आणि 'द लेंड' केलं, इंग्रजी लँडच्या डोक्यावर जर्मन दोन टिंबं देऊन. मला जुनंच बरं वाटायचं.)

उच्चार दुरुस्त करायचा हक्क कोणाला असेलच तर तो ज्याचं नाव त्याला, असं मी मानायचो, पण तिथेही गडबड आहे. ह्युंदाई कोरियन शब्द, अर्थ आधुनिक, कोरियात उच्चार साधारण 'ह्यॉन्दे'. अमेरिकेत कंपनीनेच संडेशी यमक जुळवून 'हन-डे' करून टाकलं, ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं 'हाय-उन-डाय' चालू होतं आणि २०२३ च्या जानेवारीत कंपनीने तिथे जाहिरात करून सांगितलं की बाबांनो 'ह्युन-डे' म्हणा. आमच्याकडे कॉलेजात तिला हुंडाई म्हणायचे, कारण सांगायला नको. टोयोटावाल्यांचं तर घराण्याचं आडनाव टोयोडा, गाडीसाठी त्यांनी स्वतःहून 'ड'चा 'ट' केला, जपानी लिपीत लिहायला सोपं पडतं आणि आठ रेघा होतात, तिकडे आठ आकडा शुभ. आता टोयोटा चूक म्हणायचं का? आणि श्कोडा, जिला आपण सगळे स्कोडा म्हणतो, इथे जर्मनीतही स्कोडा म्हणणारे ढिगाने आहेत. आपल्याकडे श आहे, श्क जोडाक्षर आहे, 'श्लोक' म्हणणाऱ्या जिभेला श्कोडा काय जड, तरी नाही म्हणत. चेक भाषेत श्कोडाचा अर्थ नुकसान किंवा 'अरेरे' असा होतो, संस्थापकाचं आडनावच ते, आणि चेक लोक त्याच नावाच्या गाडीतून शंभरेक वर्षं आनंदाने फिरतायत.

म्हणून नावामुळे गाडी बुडाली वगैरे गोष्टी मी आता जपून ऐकतो. शेव्हरोलेच्या नोव्हाची कथा सगळ्यांनी ऐकली असेल, स्पॅनिशमध्ये 'नो व्हा' म्हणजे चालत नाही म्हणून मेक्सिकोत कोणी घेतली नाही. खोटी आहे. ती तिथे नीट विकली गेली, तिथल्या सरकारी तेल कंपनीचं नोव्हा नावाचं पेट्रोलसुद्धा होतं. पजेरोचं मात्र खरं, स्पॅनिशमध्ये तो शब्द इतका घाण आहे की तिथे तीच गाडी मोंतेरो म्हणून विकली. आउडीची विजेवरची ई-ट्रॉन फ्रेंच माणसाच्या कानाला 'शी'सारखी लागते. आणि आपली टाटाची झिका, नाव ठरलं आणि तेवढ्यात त्याच नावाचा व्हायरस आला, २०१६ मध्ये टियागो करावी लागली.

कोट्यांमध्ये आपणही कमी नाही हे मी इथल्यांना अभिमानाने सांगतो. टाटा सुमो आली तेव्हा सगळ्यांना वाटलं जपानी पैलवान, गाडी दिसायलाही तशीच. प्रत्यक्षात ती सुमंत मुळगावकर, टेल्को (आजची टाटा मोटर्स) ज्यांनी उभी केली ते, त्यांच्या नाव-आडनावाची इंग्रजीतली पहिली दोन-दोन अक्षरं. महिंद्राला शेवटी ओ लागतो, बोलेरो, स्कॉर्पिओ, झायलो, म्हणून त्यांनी ५०० आकडा 'फाइव्ह डबल ओ' म्हणायला सांगितला. कोणी ऐकलं नाही. सगळा महाराष्ट्र म्हणाला एक्सयूव्ही पाचशे. हॉस्टेलवर बीएमडब्ल्यूचा फुल फॉर्म होता 'बापाच्या मेहनतीची वाट', हा मी इथे भाषांतर करून सांगायचा प्रयत्न केला, पडला.

आणि टेम्पो. ऑफिसात एकदा शेजारच्या टेबलवरचा माणूस शिंकून शिंकून लाल झालेला, माझ्याकडे वळून म्हणतो, "तुझ्याकडे एखादा टेम्पो आहे का?" मी एक क्षण खरंच विचार केला की याला सर्दीत घर कशाला बदलायचंय. इथे टेम्पो म्हणजे कागदी रुमाल, एका ब्रँडचं नाव, आपल्या झेरॉक्ससारखं सगळ्याच रुमालांना चिकटलेलं. पण हॅम्बुर्गला टेम्पो नावाच्या मालवाहू तीनचाकी बनवणारी कंपनीही होती, तिच्याशी करार करून आपल्याकडे बजाज टेम्पो निघाली, आणि त्या नावावरून आपण सामान वाहणारं जे काही दिसेल त्याला टेम्पो म्हणायला लागलो. हॅम्बुर्गची ती कंपनी केव्हाच गेली, तिची गाडी इथे आता बहुतेकांना आठवत नाही, शब्द आपल्याकडे राहिला.

हे रविवारी पुतण्याला सांगितलं. त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, मग काका, टेम्पोचा जर्मन उच्चार काय? म्हणलं टेम्पोच. मागून दादाचा आवाज आला, "बघ, एक तरी मला जर्मनसारखं येतं."