जितके डॉलर तितके चौरस फूट? कुणी सांगितलं!

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. ‘ऑर्लँडोला जाताय? हॉटेलवाल्यांकडून फसू नका!’ खाली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या या शहराजवळच्या डिस्ने वर्ल्ड आणि युनिव्हर्सल या थीम पार्कांच्या हॉटेलांतल्या खोल्यांच्या आकाराचा तक्ता, त्याखाली सहा ‘नियम’ आणि शेवटी नेहमीचं ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’. असले संदेश मी एरवी न वाचता पुसून टाकते. हा पुसता आला नाही, कारण तो वाचून माझी नणंद पाच माणसांसाठी एक खोली धरायला निघाली होती. ती, नवरा, चौदा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. ‘वहिनी, त्यात लिहिलंय ना, चालतं म्हणून!’

नाही चालत. म्हणून सुरुवात चौथ्या नियमापासून करते. बाकीचे नुसते चुकीचे आहेत, हा त्रास देणारा आहे.

‘चार जणांच्या खोलीत पाचवा सहज मावतो, कुणी मोजत नाही.’

ही खोली म्हणजे डिस्नेच्या सगळ्यात स्वस्त गटातली, पॉप सेंच्युरी किंवा ऑल-स्टार हॉटेलांमधली साधी खोली. क्षेत्रफळ २६० चौरस फूट. त्यात बाथरूम आलं, कपाटाची जागा आली, दारातून आत येणारी चिंचोळी वाटही आली. पॉप सेंच्युरीत नूतनीकरणानंतर एक कायमचा क्वीन पलंग असतो आणि दुसरा भिंतीतून खाली ओढायचा. दिवसा त्याच जागी टेबल असतं. पलंग खाली आला की टेबल गेलं. क्वीन पलंग म्हणजे पाच फूट बाय सहा फूट आठ इंच, तेव्हा दोन पलंगांनी ६६-६७ चौरस फूट खाल्ले. बॅगा, बूट, वाळत घातलेले पोहण्याचे कपडे वेगळेच. आता पाचवा माणूस झोपणार कुठे? उरते ती बाथरूमकडे जाणारी वाट. म्हणजे रात्री दोनदा उठणाऱ्या सासऱ्यांनी अंधारात नातीला ओलांडून जायचं. हा सल्ला देणाऱ्याने एक रात्र तिथे झोपून दाखवावं.

आणि ‘कुणी मोजत नाही’ हे तर धादांत खोटं. डिस्नेच्या आरक्षणाच्या पानावर प्रत्येक खोलीच्या नावाखाली किती माणसं राहू शकतात ते स्पष्ट लिहिलेलं असतं. या खोल्यांसमोर आकडा आहे ४. पाच माणसं टाकून शोधलंत तर ही खोली मिळतच नाही. म्हणजे पाचव्याचं नाव लपवावं लागणार. आग लागली तर आत किती माणसं आहेत ते हॉटेलला माहीत असायला नको? तेही सोडा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्क अर्धा तास आधी उघडतं. ही सवलत आरक्षणात नोंदलेल्या पाहुण्यांची आहे. ज्याचं नाव नोंदलेलं नाही तो बाहेर थांबणार. मग चौघांनी आत जायचं आणि एकाला फाटकाशी उभं करायचं, की पाचही जणांनी ती सवलत सोडून द्यायची?

युनिव्हर्सलकडे तर याहून मोठं नुकसान आहे. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांच्या भाड्यात युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर या दोन पार्कांमधला रांग टाळायचा एक्स्प्रेस पास येतो. तो खोलीत नोंदलेल्या प्रत्येकाला मिळतो, खोलीच्या मर्यादेपर्यंत. न नोंदलेल्या पाचव्याला तोच पास रोजच्या रोज विकत घ्यावा लागेल, आणि तो स्वस्त नसतो.

यातला अर्धा टक्का खरं काय, तेही सांगून टाकते. पाळण्यात झोपणारं तीन वर्षांखालचं एक मूल डिस्ने या मोजणीत धरत नाही. फॉरवर्डवाल्याने ती सूट ताणून चौदा वर्षांच्या मुलीपर्यंत नेली असणार. दुसरं, काही खोल्या खरोखर पाच जणांच्या आहेत. कॅरिबियन बीच आणि पोर्ट ऑर्लीन्स रिव्हरसाइड या मधल्या गटातल्या हॉटेलांत तशा मिळतात. पण पाचव्याचा पलंग लहान मुलाच्या मापाचा असतो. त्यावर ना वाढती मुलगी मावणार, ना सासूबाई. शिवाय त्या खोल्या ३१४ चौरस फुटांच्या. पाच जणांत वाटले तर माणशी ६३ चौरस फूटसुद्धा येत नाहीत, आणि पॉप सेंच्युरीत चौघांत माणशी ६५ येतात. म्हणजे वरच्या गटाचे पैसे मोजून जास्त दाटीत राहायचं.

पाच मोठ्या माणसांपुढे सरळ वाटा दोन. एक, पॉप सेंच्युरीत मधे दार असलेल्या दोन लगतच्या खोल्या. ५२० चौरस फूट, चार पलंग, दोन बाथरूम. मधलं दार हवंय हे आरक्षण करतानाच बोलून ठेवायचं, पोहोचल्यावर नाही. दोन, ऑल-स्टार म्युझिकमधला फॅमिली सूट. तोही ५२० चौरस फुटांचाच, कारण तो २६०च्या दोन खोल्या एकत्र करून बनवलेला आहे. सहा जणांची परवानगी, दोन बाथरूम, छोटा फ्रिज-मायक्रोवेव्हचा कोपरा आणि बंद दाराची एक बेडरूम. बाकीच्यांनी बाहेर उघडझाप करणाऱ्या पलंगांवर झोपायचं. क्षेत्रफळ अगदी सारखं, पण राहण्यात जमीन-अस्मानाचा फरक. म्हाताऱ्या माणसांना खरा पलंग आणि शांतता हवी असेल तर मी दोन खोल्या घेईन. अनेकदा दोन्ही खोल्यांचं मिळून भाडंही सूटपेक्षा कमी पडतं. आपल्या तारखा टाकून ताडून बघावं. नणंदेला हेच सांगितलं.

आता पहिला नियम. ‘जितके पैसे जास्त, तितकी खोली मोठी.’ सगळ्यांना पटलाय तो हाच, कारण तक्ता वरवर पाहिला तर तसंच दिसतं. डिस्नेच्या व्हॅल्यू म्हणजे स्वस्त गटात २६०, मॉडरेट म्हणजे मधल्या गटात ३१४, डिलक्स म्हणजे महाग गटात अ‍ॅनिमल किंगडम लॉज ३४४ आणि ग्रँड फ्लोरिडियन ४४०. शिडी कशी छान चढत जाते! पण तक्त्यात एक ओळ गाळली आहे. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनमधले फॅमिली सूट सुमारे ५६५ चौरस फुटांचे आहेत, दोन बाथरूमसह, आणि हे हॉटेल व्हॅल्यू गटातलं आहे. म्हणजे सगळ्यात ‘स्वस्त’ गटातली ही जागा ग्रँड फ्लोरिडियनच्या साध्या खोलीपेक्षा सव्वाशे चौरस फुटांनी मोठी. अनवधानाने सुटली म्हणावी, तर वरची आणि खालची ओळ बरोबर आहे.

महाग हॉटेलात पैसे क्षेत्रफळाचे नसतातच मुळी. ग्रँड फ्लोरिडियन, पॉलिनेशियन आणि कंटेम्पररी यांचे भाव चढे, कारण तिथून मोनोरेलमध्ये बसलं की डिस्नेच्या मॅजिक किंगडम या पार्कच्या दारात उतरता येतं. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये कॅरिबियन बीचपेक्षा जागा किती जास्त मिळते? ३० चौरस फूट. सहा बाय पाचचा तुकडा. भाड्यातला फरक त्या तुकड्याचा नाही, बाल्कनीतून जिराफ आणि झेब्रे दिसतात त्याचा आहे. (आणि तेसुद्धा कुरणाच्या बाजूची खोली घेतली तर. तिथेच स्वस्तातली खोली घेऊन सकाळी पार्किंगकडे बघत बसलेली माणसं मला माहीत आहेत.) जिराफ हवा असेल तर जिराफाचे पैसे खुशाल द्या. पण मोठी खोली घेतली, असं स्वतःला सांगू नका.

याहून मजेशीर तिसरा नियम. ‘डिलक्स व्हिला गटातली सगळ्यात स्वस्त खोली पकडा, सगळ्यात ऐसपैस मिळेल.’ वाचून मी खरंच मोठ्याने हसले. हा गट म्हणजे डिस्नेच्या सुट्टी-क्लबची हॉटेलं. त्यात २०१९च्या डिसेंबरात उघडलेलं रिव्हिएरा आहे, आणि तिथली सगळ्यात स्वस्त खोली टॉवर स्टुडिओ, म्हणजे वेगळी बेडरूम नसलेली एकच खोली. क्षेत्रफळ सुमारे २५५ चौरस फूट. पॉप सेंच्युरीच्या साध्या खोलीपेक्षाही पाच चौरस फूट कमी! भिंतीतून खाली येणारा एकच क्वीन पलंग आणि माणसांची मर्यादा २. चौघांच्या कुटुंबाला ‘ऐसपैस’ म्हणून सुचवलेली खोली चौघांना मिळूच शकत नाही. गंमत अशी की दोघांसाठी ती वाईट नाही. माणशी १२७ चौरस फूट पडतात आणि एवढी मोकळीक वर सांगितलेल्या खोल्यांपैकी एकीतही मिळत नाही. मधुचंद्राला जाणाऱ्या जोडप्याला मी ती सुचवेनही. फॉरवर्ड मात्र ‘फॅमिलीसाठी बेस्ट’ म्हणतोय.

त्याच गटातलं ओल्ड की वेस्ट घ्या. १९९१चं, त्या सुट्टी-क्लबचं पहिलं हॉटेल. तिथला स्टुडिओ ३७६ चौरस फूट, एका बेडरूमची जागा ९४२, दोन बेडरूमची १,३३३. गट तोच, पण रिव्हिएराच्या २५५ आणि इथल्या १,३३३मध्ये पाचपटीहून जास्त अंतर. गटाचं नाव बघून क्षेत्रफळ सांगणाऱ्याने हे आकडे पाहिलेले नाहीत, किंवा पाहून गिळले आहेत.

यातच दुसरा नियमही निकालात निघतो, ‘जितकं हॉटेल नवं, तितकी खोली मोठी’. १९९१चं ओल्ड की वेस्ट आणि २०१९चं रिव्हिएरा शेजारी ठेवा. युनिव्हर्सलकडे १९९९च्या पोर्टोफिनो बेमध्ये साधी खोली ४५० चौरस फुटांची, तर २०१८च्या अ‍ॅव्हेंतुरामध्ये २३८. डिस्ने वर्ल्ड उघडलं तेव्हाची, १९७१ची, कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन्ही हॉटेलं आजही तिथल्या मोठ्या खोल्यांच्या यादीत वर आहेत. कंटेम्पररीच्या तर बहुतेक खोल्या दुसरीकडे पूर्ण बांधून क्रेनने पोलादी सांगाड्यात सरकवल्या होत्या. जुन्या काळी जागेची कंजूषी नव्हती, हेच खरं असावं.

पाचवा नियम, ‘युनिव्हर्सलच्या खोल्या डिस्नेपेक्षा मोठ्याच’. इथे मला नाइलाजाने थोडी मान डोलवावी लागते. स्वस्त गटापुरतं बोलायचं तर हे बरंचसं खरं आहे. कबाना बेची साधी खोली ३०० चौरस फूट, एंडलेस समरच्या दोन्ही हॉटेलांत ३१३. डिस्नेच्या २६०पुढे हा फरक राहताना नक्की जाणवतो. पण ते ‘मोठ्याच’मधलं ‘च’ नडतं. अ‍ॅव्हेंतुराचे २३८ वर आलेच. मधल्या आणि वरच्या गटात सॅफायर फॉल्स ३२१, रॉयल पॅसिफिक ३३५, हार्ड रॉक ३७५. म्हणजे डिस्नेच्या आसपासच, कुठे वर, कुठे खाली. कबाना बेचा सहा जणांचा फॅमिली सूट ४३० चौरस फूट आहे, पण बाथरूम एकच. त्यांनी शॉवर, शौचालय आणि बेसिन वेगवेगळं करून गर्दीची सोय केली आहे, आणि ती खरंच उपयोगी आहे. तरी सकाळी सात वाजता सहा माणसांना शौचालय एकच, हे विसरू नये. फॉरवर्डच्या तक्त्यात बाथरूमचा रकानाच नाही.

त्याच तक्त्यात चौरस मीटरचा रकाना मात्र आहे आणि तो पूर्ण चुकलाय. चौरस फुटांना सरळ दहाने भागलंय. भागायचं असतं १०.७६ने. २६० चौरस फूट म्हणजे २४ चौरस मीटर, २६ नव्हे. एवढाही हिशेब ज्याने तपासला नाही, त्याच्या भरवशावर लोक हजारो डॉलरचं आरक्षण करताहेत.

राहिला सहावा. ‘दिवसभर पार्कातच असता, खोली फक्त झोपायला, मग आकार बघायचाच कशाला?’ (मग वरचे पाच नियम कशाला लिहिले, हे विचारायचं नाही.) दोन तरुण मित्र जात असतील तर मान्य, अ‍ॅव्हेंतुरात खुशाल राहा. पण सुट्ट्या पडतात उन्हाळ्यात, आणि फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी विजांसह धो-धो पाऊस नेहमीचाच. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद होतात. तेव्हा लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असलेली कुटुंबं हॉटेलवरच परततात. मग एकाला झोपायचं असतं, एकाला कार्टून बघायचं असतं, एकाला घरी फोन लावायचा असतो. अशा दुपारी चौरस फुटांपेक्षा मधलं बंद होणारं दार जास्त कामाला येतं. ते दार कुठल्या खोलीत आहे आणि कुठल्या नाही, हे आरक्षणाच्या पानावरच्या नकाशात किंवा फोटोंत दोन मिनिटांत दिसतं.