सदरचं ऑल सेंट्स आणि मामांचा मेसेज

नागपूरच्या सदर भागातल्या ऑल सेंट्स चर्चवरचा तो मेसेज माझ्याकडे या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. या वेळी पाठवणारे सख्खे मामा, म्हणजे गुपचूप डिलीट करून सुटका नाही. मजकूर थोडक्यात असा : '१८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा करून इंग्रजांनी विजयाची खूण म्हणून सदरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल बांधलं. बांधणारा हिस्लॉप पाद्री. १८९० पासून तिथे बिशपची गादी. कारभार आजही पोपच्या हुकमाने, लंडनहून. २०२६ मध्ये १७५ वर्षं पूर्ण!' सोबत फोटो व्हॅटिकनचा.

मामा हिशेबाचे पक्के, म्हणून आधी बेरीजच केली. १८५४ मध्ये १७५ मिळवले की २०२९ येतं. २०२६ यायला सुरुवात १८५१ ला व्हावी लागते, आणि चर्च १८५१ चंच आहे. म्हणजे मेसेजचा शेवट बरोबर आणि त्यानेच सुरुवात खोडून काढलेली.

१८५१ मध्ये तिसरे रघुजी भोसले गादीवर होते. ते वारले ११ डिसेंबर १८५३ ला, आणि दत्तकाचा हक्क नाकारून डलहौसीने राज्य गिळलं ते १८५४ मध्ये. जे राज्य अजून खालसाच झालं नव्हतं त्याची विजयखूण तीन वर्षं आधी कोण बांधेल? पण म्हणून इंग्रज साळसूद ठरत नाहीत. उलट खरी तारीख जास्त बोचते. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, इथे मुक्कामालाच होता, जवळच्या कामठीला १८२१ पासून छावणी होती, राजा नावापुरता उरला होता. अशा गावात साहेबलोकांना रविवारच्या प्रार्थनेसाठी पक्की इमारत बांधावीशी वाटली, ती राज्य हातात येण्याची वाट न पाहता. कंपनीच्या पदरी पाद्रीही असत, पगार कंपनीच्या तिजोरीतून. राग धरायचाच तर याचा धरा.

हिस्लॉपचं नाव घुसलं कसं ते कळतं. नागपुरात 'जुना पाद्री' म्हटलं की हिस्लॉप कॉलेजमुळे तेच आठवतात. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले, ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन. या पंथात बिशप, म्हणजे पाद्र्यांवरचा प्रमुख, हे पदच नसतं! त्यांच्या नावावर बिशपचं चर्च टाकणं म्हणजे वारकऱ्याला मठाधिपती करणं. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना ते बुडून गेले. ऑल सेंट्सचा आराखडा कंपनीच्या फौजेतल्या मद्रास इंजिनिअर्स तुकडीच्या रिचर्ड सँकीचा. जन्म १८२९ चा, म्हणजे चर्च झालं तेव्हा वय जेमतेम बावीस. पुढे बंगळुरूत अट्टारा कचेरी (आजचं हायकोर्ट) त्याने बांधली, तिथला सँकी तलाव त्याच्याच नावाचा. त्या मोठ्या कारकिर्दीच्या अगदी सुरुवातीचं काम आपल्या सदरला आहे, आणि आपण ते दुसऱ्याच्या खात्यावर जमा करतो.

१८९० ची गंमत वेगळीच. त्या वर्षी बिशपचा धर्मप्रांत झाला खरा, पण छोटा नागपूरचा, रांचीला. कुणीतरी 'छोटा' खाऊन टाकला. आपल्या नागपूरचे पहिले बिशप आयर चॅटर्टन, १९०३ पासून. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं आसन असलेलं चर्च, तेव्हा त्याआधीची पन्नासेक वर्षं ते नुसतं चर्च होतं. चॅटर्टन इथे येण्याआधी छोटा नागपूरमधल्या हजारीबागलाच होते, त्यामुळे घोळाला थोडी सबब आहे.

पोपचं काय? ऑल सेंट्स हे चर्च ऑफ इंग्लंडचं, म्हणजे अँग्लिकन पंथाचं, आणि तो पंथ रोमपासून तुटला आठव्या हेन्रीच्या काळात, १५३४ मध्ये. पोपला मानणाऱ्यांचं कॅथेड्रल वेगळं, सेंट फ्रान्सिस डी सेल्स, तेही सदरलाच. शेजारशेजारची दोन घरं आणि पोस्टमनची चूक, एवढंच. लंडनचा धागाही केव्हाच सुटला : १९३० मध्ये इथलं अँग्लिकन चर्च कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळं झालं.

मेसेजमध्ये जे नाही ते मला सगळ्यात मोठं वाटतं. रविवार, २९ नोव्हेंबर १९७०. याच ऑल सेंट्समध्ये सहा वेगवेगळी चर्चेस (इमारती नव्हे, पंथांच्या संस्था) एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल मंडळींचं संयुक्त चर्च. हे शेवटचं म्हणजे हिस्लॉपच्या परंपरेतलं. बिशप न मानणारे बिशपच्या दारात आले आणि बिशप मान्य करून एक झाले. देशभरातल्या एका मोठ्या चर्चचा जन्म नागपूरचा, आणि आपण फिरवतो काय, तर पोपचा हुकूम.

एवढं सगळं मामांना लिहून पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, मग बराच वेळ शांतता. शेवटी उत्तर आलं, 'बरं. मग फोटो कोणता टाकू?' उद्या सदरला जायचंच आहे, तेव्हा काढून पाठवतो.