लढवय्या नाहीतर बिचारी

आजारी माणसासाठी धडधाकट लोकांकडे 'लढवय्या' आणि 'बिचारा' असे दोनच साचे असतात, हे आजारपणावरच्या एका लेखातलं निरीक्षण अगदी पटलं. ल्युपसमुळे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते त्या आजारामुळे, माझ्या बहिणीची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून 3 वेळा, दर खेपेला 4 तास डायलिसिस. भेटायला येणारे तिच्यासमोरच मला विचारतात, "जेवते का ही नीट?" ती तिथेच बसलेली असते, मांडीवर ऑफिसचा लॅपटॉप घेऊन! स्टेरॉइडने चेहरा सुजला, तर म्हणे "तब्येत सुधारली की." आणि 'पॉझिटिव्ह राहा' या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. मूत्रपिंडं काय तिच्या स्वभावामुळे गेली? एखाद्या दिवशी तिला नुसतं रडायचं असतं. रडू द्या ना तिला.