‘मॉडेल आतून कोण बघतं?’ या कमेंटला उत्तर

दादा, कॅडमध्ये (कॉम्प्युटरवर पार्टचं मॉडेल आणि ड्रॉइंग करताना) पाळायच्या सवयींवरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट दोनदा वाचली, पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की स्केच फुल्ली डिफाइन करा (प्रत्येक रेषेचं माप आणि जागा पक्की करा), फिलेट म्हणजे कोपऱ्यांची गोलाई शेवटी द्या हे सगळं कॉलेजच्या पोरांना सांगायला ठीक, टूलरूमला संध्याकाळी सातला ड्रॉइंग हवं असतं, पार्ट बरोबर आला की झालं, मॉडेल आतून कोण बघतं. आणि वर, ‘मशीनवर कधी उभे राहिलात का?’

शेवटचं आधी घेतो. फार नाही. ट्रेनिंगचे सहा महिने व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर होतो, त्यातला निम्मा वेळ चिप्स साफ करण्यात गेला. तेव्हा तो टोमणा मुकाट्याने घेतला.

पण मॉडेल आतून कोण बघतं? अहो, पुढच्या रिव्हिजनला जो बसतो तो बघतो, आणि बऱ्याचदा तो आपणच असतो. माझंच सांगतो. फिक्श्चरची (जॉब जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनाची) लोकेटिंग प्लेट होती, डॉवेल म्हणजे जागा पक्की करणाऱ्या पिनांसाठी ८ एमएमची दोन होल. घाईत मी एका होलचं डायमेन्शन प्लेटच्या कडेवरून न घेता कोपऱ्यातल्या फिलेटच्या टॅन्जंट एजवरून (गोलाई जिथे सरळ कडेला मिळते त्या रेषेवरून) घेतलं, का तर कर्सरला आधी तीच सापडली. पार्ट एकदम बरोबर आला, म्हणजे तुमच्या हिशोबाने विषय संपला. तीन महिन्यांनी कस्टमरने सांगितलं कोपरा आर ३ (३ एमएम रेडियस) आहे तो आर ५ करा. केला. रिबिल्ड झालं, म्हणजे मॉडेल नव्याने तयार झालं, ट्रीमध्ये (मॉडेलच्या पायऱ्यांच्या यादीत) चुकीची एक लाल खूण नाही, आणि होल २ एमएम सरकलं, कारण रेडियस वाढला तेवढीच ती एजही पुढे गेली. ड्रॉइंगवरचा आकडाही गुपचूप बदलला. मॉडेल फुटलं असतं ना तर बरं झालं असतं, निदान कळलं असतं. कळलं ते असेंब्लीला, डॉवेल बसेना तेव्हा. प्लेट भंगारात.

तेव्हापासून होलची डायमेन्शन्स ओरिजिन नाहीतर बेस प्लेनवरून, आणि नुसत्या दिसण्यापुरते फिलेट ट्रीत सगळ्यात खाली. याला सातच्या डेडलाइनमध्येही दोन मिनिटं जास्त लागतात, त्याहून नाही.

फुल्ली डिफाइनबद्दल मात्र तुमचं निम्मं पटलं. मी ते फार मास्तरकी करून लिहिलं होतं. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये डिफाइन न झालेली रेषा निळी, झालेली काळी; सगळ्या काळ्या दिसाव्यात म्हणून पोरं सगळ्याला फिक्स मारून (मापं न देता आहे तिथे खिळवून) मोकळी होतात, त्यापेक्षा निळं स्केच परवडलं, निदान काम बाकी आहे हे तरी दिसतं. क्रिओ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर वीक डायमेन्शन्स (सॉफ्टवेअरनेच टाकलेली कच्ची मापं) आपोआप येतात त्यामुळे स्केच कायम पूर्णच वाटतं, आणि आपण एखादं डायमेन्शन टाकलं की त्यातलं एक न विचारता गायब. तिथे कामाची डायमेन्शन्स स्ट्राँग म्हणजे पक्की केलीत का एवढं बघायचं. आणि कन्सेप्ट स्टेजला, स्प्लाइनवाल्या (मुक्त वक्ररेषांच्या) आकारांना, हा नियम मीही पाळत नाही. पोस्टमध्ये दुरुस्ती करतो.

आता तुमचा आणखी एक सवाल, ‘ऑटोकॅडच्या टिपा कशाला, ते आता कोण वापरतं’. १९८२ चं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आहे खरं, पण लेझर कटिंगवाल्याला बहुतेक वेळा डीएक्सएफ, म्हणजे कापायच्या आकाराची ड्रॉइंग फाइल लागते आणि ती कुठूनही काढली तरी पाठवायच्या आधी ऑटोकॅडमध्ये उघडून बघावी असं माझं ठाम मत आहे. एकावर एक पडलेल्या दोन रेषा स्क्रीनवर एकच दिसतात, मशीन मात्र तिथून दोनदा फिरू शकतं, कड जळते. ओव्हरकिल कमांड मारा (ती अशा जास्तीच्या रेषा काढते), प्रोफाइल म्हणजे कापायची रेघ कुठे तुटलेली नाही ना, बंद आहे का बघा, आणि एक तरी माहीत असलेलं माप मोजा. १०० एमएमची प्लेट ३.९३७ दिसली तर फाइल इंचात गेलीय, २५.४ ने स्केल करा, नाहीतर व्हेंडरचा फोन येतो आणि तो फोन नेहमी जेवायच्या वेळी येतो.

राहिला तुमचा एक मुद्दा, जो तुम्ही रागात एका ओळीत उडवलात आणि जो मला सगळ्यात आवडला: पॉकेटचा (कोरलेल्या खळग्याचा) आतला कोपरा १० एमएमच्या एंडमिलने (मिलिंगच्या कटरने) काढायचाय तर मॉडेलला आर ५ देऊ नका, ५.५ द्या. बरोबर आहे, कोपऱ्याचा रेडियस कटरच्या रेडियसएवढाच असला की कटर कोपऱ्यात जाऊन थबकतो, थरथरतो, खुणा पडतात. थोडा मोठा असला की वळसा घेत निघतो. हे माझ्या पोस्टमध्ये नव्हतं, कारण हे मॉनिटरसमोर बसून कळत नाही. आज रात्री टाकतोय. तुमचं नाव घालू का, की नुसतं ‘एका टूलरूमवाल्याने सांगितलं’ असं चालेल?