विंदालूत आलू नसतो, आत्या

काल रात्री म्हापशाच्या आत्याने फॅमिली ग्रुपवरचा एक फॉरवर्ड मला वेगळा पाठवला. खाली तिचा प्रश्न: "खरं का रे हे? मग आपली शेजारीण नाताळाला करते ते काय?"

फॉरवर्ड म्हणतो: बीबीसीच्या 'रेड ड्वार्फ' या अंतराळातल्या विनोदी मालिकेने भारतीयांची टिंगल करायला 'विंदालू' नावाचा खोटा पदार्थ बनवला. विन म्हणजे वाइन, आलू म्हणजे बटाटा. भारतात असलं काही नसतंच.

डोकंच फिरलं. मालिका सुरू झाली 1988 साली. पोर्तुगीज गोव्यात आले 1510 साली, आणि त्यांच्याकडे मांस टिकवायची एक रीत होती, विन्या दाल्युश. विन्यू म्हणजे वाइन, आल्यु म्हणजे लसूण. आजही पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर नाताळाला याच नावाचं डुकराचं मांस होतं, आणि तिथल्या कुणी 'रेड ड्वार्फ' बघून ते शिकलेलं नाही. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं, सुक्या मिरच्या आल्या, आणि त्याचाच विंदालू झाला. शेजारीण आदल्या दिवशी मसाला वाटते तेव्हा आत्याच्या ओसरीवर शिंका सुरू होतात, एवढा पुरावा बास आहे.

आणि 'आलू'? अरे, गोव्यात बटाट्याला आलू म्हणतं कोण? आपण बटाटा म्हणतो, तोही पोर्तुगीजांकडूनच घेतलेला शब्द. आपल्याकडे आळू म्हटलं की फदफदं आठवतं!

एक कबूल करतो, नाइलाजाने. इंग्लंडमधल्या करी हाउसांनी विंदालूचं पार वाटोळं केलं. तिथे तो 'सगळ्यात तिखट'च्या जवळपासचा एक दर्जा झाला, आणि पुष्कळ ठिकाणी खरंच बटाटा पडतो. मालिकेतला लिस्टर खातो तो हाच. पण लिस्टर आहे कोण? लिव्हरपूलचा, तीस लाख वर्षं गोठून राहिलेला, मानवजातीतला शेवटचा गबाळा माणूस. करी आणि लागर बिअर याशिवाय त्याला काही सुचत नाही. 1991 च्या 'डीएनए' भागात मटण विंदालूचा राक्षस होतो आणि तो मरतो बिअरच्या डब्याने. यात हसू कुणाचं होतं? त्या ब्रिटिशाच्या शनिवार रात्रीचं. आपलं नव्हे.

बाकीचे 'धक्कादायक' मुद्दे पटकन उरकतो. हशा मशीनचा आहे म्हणे. बहुतेक भाग स्टुडिओत प्रेक्षक बसवून चित्रित झाले. 1997 च्या सातव्या पर्वाचं चित्रीकरण प्रेक्षकांविना झालं, पण नंतर माणसांना दाखवून त्यांचाच हशा ध्वनिमुद्रित केला. परग्रहवासी भरलेत म्हणे. एकही नाही, तो रॉब ग्रँट आणि डग नेलर या लेखकद्वयीचा नियमच होता. तिथे जे विचित्र जीव भेटतात ते माणसाच्याच करणीतून आलेले, नाहीतर लिस्टरच्या मांजरीचे वंशज. अंतराळातली पहिली विनोदी मालिका? बीबीसीनेच 1977 साली 'कम बॅक मिसेस नोआ' सुरू केली होती.

हे सगळं ग्रुपवर टाकलंय. ज्या काकांनी फॉरवर्ड आणला ते अर्धा तास 'टायपिंग' दाखवतायत.