'उ बोय'च्या आधी दोन तासांचा ऑपेरा आहे हो

यूट्यूबवर 'उ बोय, उ बोय' ('लढाईला चला' असं सांगणारं क्रोएशियन गाणं) टाकलं की काय काय येतं बघा, लष्करी बँड, लग्नातली पिऊन टुन्न झालेली मंडळी, चर्चमधला क्वायर आणि चक्क जपानी विद्यार्थी. (जपानची गोष्ट खरी आहे, १९१९ मध्ये सैबेरियातून घरी निघालेल्या सैनिकांचं जहाज कोबेला दुरुस्तीसाठी अडकलं, त्यांच्याकडून क्वानसेई गाकुइन या जपानी विद्यापीठाच्या ग्ली क्लबने, म्हणजे गायन मंडळाने, हे गाणं उचललं आणि आजही ते गातात.) हे सगळं ठीक, पण ज्या ऑपेराच्या शेवटी हे गाणं येतं तो 'निकोला शुबिच झ्रिन्स्की' पूर्ण ऐकणारा माणूस मला क्वचितच भेटतो. लोक म्हणतात, देशभक्तीचा ढोल आहे, एक कोरस ऐकला की झालं. माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे. त्या ऑपेरात सगळ्यात कमी इंटरेस्टिंग काही असेल तर तो कोरस!

थोडा इतिहास, कंटाळू नका. १५६६ चा ऑगस्ट, आजच्या हंगेरीतला सिगेतचा किल्ला. आत क्रोएशियन सरदार झ्रिन्स्की आणि दोन-तीन हजार माणसं, बाहेर तुर्कांचा सुलतान सुलेमान, त्याची अवाढव्य फौज. महिनाभर किल्ला लढला. झ्रिन्स्की ज्याच्या बाजूने लढत होता तो हाब्सबर्ग बादशहा माक्सिमिलियन सैन्य घेऊन ग्योर शहराजवळ बसून राहिला, मदतीला आलाच नाही. आपल्याला लगेच बाजीप्रभू आठवतात, पण तिथे निदान राजे विशाळगडावर पोचले, तोफा ऐकू आल्या. इथे कोणीच कुठे पोचत नाही, दार उघडून बाहेर पडायचं आणि मरायचं, बस. आणि गंमत म्हणजे किल्ला पडायच्या आदल्याच दिवशी-रात्री सुलेमान आपल्या तंबूत वारला होता. वजीर मेहमेद सोकोलोविचने, जो स्वतः जन्माने बोस्नियाचा, ती बातमी कित्येक आठवडे फौजेला कळू दिली नाही.

आता ऑपेरा. संगीतकार इवान झाइत्स, प्रीमियर ४ नोव्हेंबर १८७६, झाग्रेब. तेव्हा क्रोएशिया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात, म्हणजे 'राष्ट्रीय' हा शब्द चांगलाच तापलेला. पण हे राष्ट्रीय ऑपेराचं सामान कुठून कुठून आलंय बघा. झाइत्स आजच्या क्रोएशियातल्या रिएका शहराचा, शिकला मिलानला, मग व्हिएन्नात आठ वर्षं ऑपेरेटा (हलकेफुलके, करमणुकीचे ऑपेरा) लिहून पोट भरलं आणि १८७० मध्ये झाग्रेबला येऊन ऑपेरा उभा केला. हुगो बादालिचचं लिब्रेटो, म्हणजे ऑपेराची संहिता, बेतलंय थिओडोर क्योर्नर या जर्मन कवीच्या नाटकावर, जो स्वतः २१ व्या वर्षी नेपोलियनविरुद्ध लढताना मेला. हीरो असा की हंगेरियन लोकही त्याला झ्रिनी म्हणून आपलाच मानतात. आणि तो फेमस कोरस तर ऑपेराच्या दहा वर्षं आधी, १८६६ मध्ये, व्हिएन्नातल्या क्रोएशियन विद्यार्थ्यांसाठी केलेला, नंतर इथे आणून बसवला! शुद्ध मातीतलं वगैरे काही नाही यात, आणि मला तेच आवडतं.

कारण ऑपेरेटात हात मुरलेला असल्यामुळे झाइत्सला हे माहितीये की प्रेक्षकाला कधी सोडायचं नाही. सुरुवातच बघा ना, पडदा उघडतो तो झ्रिन्स्कीवर नाही, बेलग्रेडमध्ये, शत्रूच्या महालात. म्हातारा सुलतान आपल्या हकिमाला, लेव्हीला, विचारतोय की माझं आयुष्य अजून किती उरलंय. राष्ट्रीय ऑपेराची सुरुवात शत्रूच्या मरणाच्या भीतीने! दुसऱ्या कुणी इथे नुसता डोळे वटारणारा व्हिलन उभा केला असता. झाइत्सने सुलतानाच्या बास (पुरुषाच्या सगळ्यात खालच्या) आवाजाला जी गाणी दिलीत त्यात राग आहे, घमेंड आहे आणि थकवाही आहे, आणि झ्रिन्स्कीची भव्य शपथ ऐकताना मला मध्येच परत त्या म्हाताऱ्याची आठवण येते.

झ्रिन्स्कीची मुलगी येलेना आणि त्याच्या फौजेतला युरानिच यांची प्रेमकथा थेट क्योर्नरकडून आलेली, आणि संगीत सरळसरळ इटालियन, इटालियन संगीतकार ज्युसेप्पे वर्दीचा वास येतो, नाकारण्यात अर्थ नाही. पण ती त्याला म्हणते की तुर्कांच्या हाती पडण्याआधी तूच मला मार, आणि तो मारतो, तिथे मला गोड सुरांची किळस यायला हवी होती, उलट अंगावर काटा येतो. हा प्रसंग आज पटतो का? मला नाही पटत. बाईचा जीव घेऊन इज्जत राखायची ही आयडिया इकडच्याही कथांमध्ये कमी नाही आणि मी ती तिथेही मानत नाही. तरी संगीत काम करतं, काय करणार.

मी ऐकतो ते रिएकाच्या थिएटरचं, सीपीओ लेबलवरचं रेकॉर्डिंग, कंडक्टर फिनलंडचे विल्ले मात्वेयेफ. थिएटरला नाव झाइत्सचंच आहे. जुनी झाग्रेबची रेकॉर्डिंग्ज भावनेने जास्त भरलेली वाटतात, इथे ऑर्केस्ट्राच्या आतल्या बारीक गोष्टी ऐकू येतात, आणि या ऑपेराला तेच हवंय, आरडाओरडा तर त्यात आधीच भरपूर आहे. ऐकणार असाल तर लिब्रेटोचं भाषांतर समोर ठेवा, बेलग्रेडच्या सीनपासून बसा आणि प्लीज कोरसवर उडी मारू नका. आणि सुलेमान कुणाला कसा वाटला ते खाली लिहा, त्यावर भांडायला मी तयार आहे.